क्लच न दाबता गिअर : अवजड ट्रकचा गिअरबॉक्स आणि चालकाचे कौशल्य

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर शोधांची यादी येते. अमुक साली अमक्याने हे यंत्र काढले, पुढे तमक्याने त्यात सुधारणा केली. यंत्र रोज वापरणारा माणूस या यादीत क्वचितच दिसतो. या पाठात आपण एका अशा कौशल्याकडे पाहणार आहोत, ज्याचे पेटंट कोणाच्या नावावर नाही आणि जे प्रशिक्षणाच्या अधिकृत पुस्तिकांत शिकवले जात नाही. तरीही अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांनी ते अनेक पिढ्या एकमेकांना शिकवले. चालत्या ट्रकचा गिअर क्लचच्या पेडलला पाय न लावता बदलायचा, हे ते कौशल्य. तिकडचे चालक याला गिअर ‘फ्लोट’ करणे म्हणतात.

हा इतिहास समजण्यासाठी यंत्राची थोडी ओळख लागते. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी येथे घाबरून पुढचे पान उलटू नये. दोन-तीन कल्पनांपलीकडे काही लागणार नाही.

गिअरबॉक्सच्या आत काय घडते

इंजिन एका मर्यादित वेगाच्या पट्ट्यातच नीट ताकद देते. अवजड ट्रकच्या डिझेल इंजिनासाठी हा पट्टा मिनिटाला साधारण १००० ते २००० फेऱ्यांच्या आत असतो. चाकांना मात्र शून्यापासून महामार्गाच्या वेगापर्यंत जायचे असते. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये लहानमोठ्या दातेरी चाकांची पेटी बसवावी लागते. हा गिअरबॉक्स. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना घर्षणाने जोडणारी आणि हवे तेव्हा सोडवणारी तबकडी म्हणजे क्लच.

आता मुख्य मुद्दा. ट्रकच्या गिअरबॉक्समधली चाके एकमेकांत कायम अडकलेलीच असतात. गिअर टाकताना चालक जे सरकवतो, ते असते दाते असलेले एक कडे. त्याला डॉग क्लच म्हणतात. हे कडे चाकांशी, म्हणजे रस्त्याच्या वेगाशी, बांधलेले असते. ज्या गिअरमध्ये ते शिरणार, तो गिअर इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असतो. दोन्ही एकाच वेगाने फिरत असतील तर दाते एकमेकांत अलगद बसतात. वेगात फरक असेल तर दात दातावर आपटतो आणि कर्रर्र असा आवाज येतो.

मुंबईच्या लोकलमध्ये गाडी सुटल्यावर चढणारा माणूस आठवा (त्याचे अनुकरण करू नका). तो फलाटावर गाडीच्या वेगाने धावतो आणि वेग जुळला की पाऊल टाकतो. गिअर टाकणे हे नेमके असेच काम आहे.

एक आकडा घेऊ. समजा शेजारच्या दोन गिअरांच्या प्रमाणात १.३५ पटींचा फरक आहे. इंजिन १५०० फेऱ्यांवर असताना वरचा गिअर टाकायचा, तर ट्रकचा वेग तोच राहून इंजिन सुमारे १११० फेऱ्यांवर उतरावे लागेल. उलट ११०० फेऱ्यांवरून खालचा गिअर टाकायचा, तर इंजिन आधी जवळजवळ १४८५ फेऱ्यांपर्यंत चढवावे लागेल. हा हिशेब करणे आणि तो क्षण ओळखणे हे कोणाचे काम, यंत्राचे की माणसाचे? गिअरबॉक्सच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली आहेत.

मोटारीने एक वाट धरली, ट्रकने दुसरी

फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोर याने पानार-लेव्हासोर कंपनीच्या मोटारींत १८९० च्या दशकात सरकत्या चाकांचा गिअरबॉक्स वापरला. त्यात पूर्ण दातेरी चाकच दुसऱ्या चाकावर सरकवून अडकवायचे असे. ही रचना ओबडधोबड आहे पण चालते, अशा अर्थाचे उद्‌गार खुद्द लेव्हासोरचे म्हणून सांगितले जातात. लुई रेनोने १८९९ मध्ये सर्वांत वरच्या गिअरला इंजिनाची गती थेट पुढे देणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. यंत्र सुधारले, पण वेग जुळवण्याचे काम चालकाकडेच राहिले.

त्यासाठी चालकांनी जी पद्धत बसवली, ती ‘डबल क्लच’. क्लच दाबून न्यूट्रल करायचे आणि क्लच सोडायचा. इंजिनाचा वेग उतरू द्यायचा, किंवा ॲक्सिलरेटर दाबून चढवायचा. मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. एका गिअरसाठी दोनदा क्लच. मधल्या न्यूट्रलमध्ये क्लच सोडण्याला कारण आहे. तो सोडल्याशिवाय इंजिन आतल्या चाकांचा वेग बदलू शकत नाही. त्या काळी श्रीमंत लोक मोटारीबरोबर पगारी चालक ठेवत, त्यामागे प्रतिष्ठा होतीच, पण ही कटकटही होती.

१९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींत सिंक्रोमेश आला. तो अर्ल थॉम्पसन या अभियंत्याचा शोध. यात दाते अडकण्यापूर्वी शंकूच्या आकाराच्या दोन पृष्ठभागांचे घर्षण होते आणि तेच दोन्ही बाजूंचा वेग एक करते. क्लच दाबा, दांडी ढकला, बाकीचे यंत्र पाहून घेईल. पुढच्या काही दशकांत मोटारींमध्ये तो सर्वत्र पसरला, तरी पहिला गिअर बराच काळ मागे राहिला. आपल्याकडच्या सुरुवातीच्या ॲम्बॅसॅडर गाड्यांतही पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. गाडी पूर्ण थांबवल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, हा जुन्या चालकांचा नियम यातून आलेला आहे.

मग ट्रकने सिंक्रोमेश का घेतला नाही? येथे देशादेशांत फरक दिसतो. युरोपातल्या अवजड ट्रकांत महायुद्धानंतरच्या दशकांत सिंक्रोमेश रुळला. अमेरिकेतल्या अवजड ट्रकांनी तो जवळजवळ नाकारलाच. तांत्रिक कारणे सांगता येतात. ट्रकची चाके आणि क्लचच्या तबकड्या जड असतात. त्यांचा वेग घर्षणाने बदलायचा तर ते कडे मोठे लागते, झिजते आणि महाग पडते. ते नसेल तर गिअरबॉक्स आखूड, हलका आणि दणकट होतो. पण ही कारणे युरोपलाही लागू होती. फरक पडला तो हिशेबात धरलेल्या माणसामुळे. अमेरिकी निर्मात्याला असा चालक गृहीत धरता येत होता, जो वेग स्वतः जुळवील. चालकाच्या अंगात असलेले कौशल्य कारखान्यातला एक सुटा भाग वाचवत होते, आणि मला विचाराल तर या पाठातली हीच सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. त्या भागाची किंमत नफ्यातोट्याच्या हिशेबात दिसते. कौशल्य शिकायला चालकाला जे महिने लागले, ते कुठल्याच वहीत दिसत नाहीत.

रोडरेंजर

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचे गाव आहे. तेथील फुलर कंपनीची सुरुवात कपडे धुण्याच्या खरबरीत फळ्या बनवण्यापासून झाली होती. पुढे ती गिअरबॉक्सकडे वळली आणि १९५८ मध्ये ईटन या कंपनीने ती विकत घेतली. या कंपनीचे ‘रोडरेंजर’ गिअरबॉक्स अमेरिकी महामार्गाचे प्रमाण बनले.

त्याआधीच्या अनेक ट्रकांत एकामागे एक दोन गिअरबॉक्स आणि चालकाजवळ दोन दांड्या असत. काही गिअर बदलताना दोन्ही दांड्या जवळजवळ एकाच वेळी हलवाव्या लागत, आणि अनुभवी चालक एक हात स्टिअरिंगच्या आरीतून घालून हे करीत. रोडरेंजरने ही कसरत एका दांडीवर आणली. दांडीवर हवेच्या दाबाने चालणारे एक बटण असते. पाच गिअर संपले की बटण वर करायचे आणि त्याच जागा पुन्हा वापरायच्या. पहिल्या गिअरच्या जागी आता सहावा येतो. असे दहा गिअर होतात. आणखी एक बटण जोडून तेरा आणि अठरा गिअरांचेही प्रकार आले.

हात मोकळा झाला, पण सिंक्रोमेश मुख्य गिअरांत आला नाही. दहा गिअरांचा ट्रक घेऊन शहरातून जाणाऱ्या चालकाने प्रत्येक गिअरला दोनदा क्लच मारायचा म्हटले, तर दिवसात त्याचा डावा पाय शेकडो वेळा ते जड पेडल दाबणार. फ्लोट करण्याची सवय का पसरली, हे समजायला एवढे पुरे.

कान, हात आणि बेरीज

फ्लोट करण्याची कृती शब्दांत सोपी आहे. ॲक्सिलरेटर सोडला की क्षणभर दातांवर ना पुढचा भार असतो ना मागचा. त्या क्षणी दांडी हलक्या हाताने ओढली तर ती न्यूट्रलमध्ये येते. मग वरचा गिअर हवा असेल तर इंजिन उतरण्याची वाट पाहायची. खालचा हवा असेल तर ॲक्सिलरेटरने इंजिन चढवायचे. वेग जुळला की दांडी आपोआप आत ओढल्यासारखी जाते. क्लच फक्त ट्रक सुरू करताना आणि थांबवताना.

सर्व अडचण ‘वेग जुळला की’ या तीन शब्दांत आहे. नवशिक्या सुरुवातीला फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याकडे पाहतो, पण काटा पाहून हात हलेपर्यंत क्षण निघून गेलेला असतो. हळूहळू तो इंजिनाच्या आवाजावर येतो. मग दांडीतून तळहाताला जाणवणाऱ्या थरथरीवर. दात जवळ आले की थरथर बदलते. बहुतेकांना वर जाणे आधी जमते, कारण तेथे थांबायचे असते. खाली येताना इंजिन नेमके किती चढवायचे, याचा अंदाज लागायला वेळ लागतो. जोर लावणाऱ्याला तर ते कधीच जमत नाही. दोन बोटांनी दांडी धर, असे शिकवणारे सांगतात.

न्यूट्रलमध्ये अडकलेल्या नवशिक्याला आता कोणता गिअर शोधायचा हेच कळत नाही. त्यासाठी अमेरिकेतल्या ट्रकशाळांत एक गमतीदार युक्ती चालत आली आहे. मैलांमधल्या वेगाचे अंक मिळवायचे. ताशी ३५ मैल असेल तर तीन आणि पाच आठ, म्हणून आठवा गिअर. ४५ ला नववा, ५५ ला दहावा, २५ ला सातवा. ही बेरीज दहा गिअरांच्या ट्रकपुरतीच चालते, आणि आपल्या किलोमीटरमध्ये तिचा उपयोग नाही. पण व्यवसायातले ज्ञान कसे साठवले जाते, याचा हा छान नमुना आहे. प्रमाणांचे कोष्टक कोणी पाठ करत नाही, बेरीज मात्र लक्षात राहते.

मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द टॅसिट डायमेन्शन’ या पुस्तकात, माणसाला सांगता येते त्यापेक्षा अधिक कळत असते, हा विचार मांडला. तत्त्वज्ञानाच्या तासाला तो तुम्ही वाचाल. तळहाताची थरथर हे त्याचे सरळ उदाहरण आहे.

पुस्तिका एक सांगते, रस्ता दुसरे

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे साधनांचा प्रश्न पडायला हवा. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने व्यावसायिक वाहनचालकांच्या परवान्याला देशभर किमान मानके आली. परवान्यासाठी अभ्यासायच्या पुस्तिकेत गिअर बदलण्याची जी पद्धत दिली आहे, ती डबल क्लचची. गिअरबॉक्सच्या निर्मात्यांच्या सूचनाही क्लच वापरायला सांगतात. उद्या एखाद्या संशोधकाने फक्त ही कागदपत्रे पाहिली, तर अमेरिकी चालक आयुष्यभर प्रत्येक गिअरला दोनदा क्लच मारत होते, असा निष्कर्ष तो काढेल. प्रत्यक्षात परीक्षेपुरते डबल क्लच आणि रस्त्यावर फ्लोट, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट होती. नियमांच्या कागदातून व्यवहार वाचताना किती सावध राहावे लागते, हे यावरून कळेल. महसुलाच्या किंवा कारखान्याच्या दप्तरांनाही हेच लागू आहे.

पण पुस्तिका लिहिणारे उगाच हट्टी होते, असेही समजू नका. चुकलेला गिअर दात झिजवतो, आणि दुरुस्तीचा खर्च मालकाला येतो. त्याहून गंभीर गोष्ट उताराची. खालचा गिअर टाकायला चालक न्यूट्रलमध्ये आला आणि वेग जुळला नाही, तर इंजिनाचा रोध संपतो. ट्रक मोकळा सुटतो, वेग वाढतो, आणि वेग वाढला की कोणताच गिअर पडत नाही. उरतात फक्त ब्रेक, आणि लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून तीच पुस्तिका बजावते की खालचा गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा.

ही भीती काल्पनिक नाही. १९३१ मध्ये डिझेल इंजिनांचे निर्माते क्लेसी कमिन्स आपल्या इंजिनाची जाहिरात म्हणून ट्रकने अमेरिका आडवी पार करत होते. कॅलिफोर्नियातला कहोन घाट उतरताना ब्रेक गेले. पायथ्याशी रेल्वेचे फाटक होते आणि मालगाडी जात होती. टक्कर थोडक्यात टळली. हा प्रसंग कमिन्स विसरले नाहीत. इंजिनालाच रोधक बनवणारा ब्रेक त्यांनी निवृत्तीच्या काळात तयार केला आणि १९६१ पासून जेकब्स कंपनीने तो बाजारात आणला. अमेरिकी चालक त्याला आजही ‘जेक ब्रेक’ म्हणतात.

यंत्राने तेच केले

१९९० च्या दशकात ईटनने ‘ऑटोशिफ्ट’ नावाचा गिअरबॉक्स आणला. बाहेरून पाहता त्यात क्लचचे पेडल होते, पण ते फक्त सुरू करताना आणि थांबताना वापरायचे. मधले सर्व गिअर संगणक बदलत असे. तो इंजिनाचा भार क्षणभर काढतो, कडे न्यूट्रलमध्ये आणतो, इंजिनाचे फेरे मोजून हवे तितके करतो आणि दाते अडकवतो. क्लचला हातही लावत नाही. म्हणजे फ्लोट करतो. पुढे ते पेडलही गेले. युरोपात व्होल्वोने २००१ मध्ये आणलेल्या ‘आय-शिफ्ट’च्या मुख्य पेटीतही सिंक्रोमेश नाही, तेथेही वेग जुळवतो तो संगणक.

अभियंत्यांनी हे चालकांकडून उचलले, असा दावा मी करत नाही. दात्यांचे गणित दोघांनाही एकाच उत्तराकडे नेते. पण परिणाम पाहा. पुस्तिकेने न स्वीकारलेली पद्धत संगणकाने केली, तेव्हा ती प्रगत तंत्रज्ञान म्हणून विकली गेली.

हॅरी ब्रेव्हरमन याने १९७४ च्या ‘लेबर अँड मोनोपॉली कॅपिटल’ या ग्रंथात मांडले की भांडवली उत्पादनात कामगाराचे कौशल्य काढून यंत्रात आणि व्यवस्थापनात घातले जाते, आणि त्यामुळे कामगार सहज बदलता येतो. ट्रकच्या बाबतीत हे मत बरेच पटते. १९८० च्या कायद्याने अमेरिकेतली मालवाहतूक मोठ्या प्रमाणात नियंत्रणमुक्त झाली, भाड्यांची स्पर्धा वाढली, आणि मोठ्या कंपन्यांत चालक सोडून जाणे नित्याचे झाले. सतत नवी माणसे घ्यायची, तर काही आठवड्यांत तयार होणारा चालक हवा. गिअरची अडचण गेली की प्रशिक्षण सोपे होते.

तरी मी ब्रेव्हरमनशी पूर्ण सहमत नाही. हे कौशल्य गेल्याने गुडघा दुखणारा चालकही सुटला. ‘गिअर जमत नाही तो ड्रायव्हरच नव्हे’ ही शेखी अनेक नवख्यांना व्यवसायाबाहेर ठेवत होती, तीही बोथट झाली. काय गमावले आणि काय मिळाले, हे कोणाच्या जागेवरून पाहता यावर अवलंबून आहे. कायद्याने मात्र एक खूण शिल्लक ठेवली आहे. अमेरिकेत स्वयंचलित गिअरच्या ट्रकवर परीक्षा दिली, तर परवान्यावर ‘ई’ हे अक्षर येते. अशा चालकाला हाताच्या गिअरचा व्यावसायिक ट्रक चालवता येत नाही.

आपल्याकडे

भारतात टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. चेन्नईजवळ एन्नोरला अशोक मोटर्सचे १९५५ मध्ये अशोक लेलँड झाले. डबल क्लच हा शब्द आपल्या जुन्या ट्रकचालकांनाही परका नाही. पण शिकण्याची वाट वेगळी होती. बहुतेक चालक शाळेतून आले नाहीत, क्लीनर म्हणून आले. मराठीत त्याला किन्नरही म्हणतात. काच पुसणे, टायर ठोकून पाहणे, उतारावर चाकाला दगड लावणे ही कामे करत तो उस्तादाच्या शेजारी बसे आणि त्याचे हात पाही. रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग मिळे ते उस्तादाची मर्जी असेल तेव्हा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ काढून वाचा. वाहन चालवण्याच्या चाचणीत काय पाहायचे याची यादी त्यात आहे. गरज पडताच वरच्या गिअरवरून खालच्या गिअरवर लवकर येणे, आणि उतारावर खालचा गिअर लवकर टाकणे, या दोन्ही गोष्टी तेथे आहेत. हे कसे करावे, हे नियम सांगत नाही. आपल्या घाटांत ‘न्यूट्रलमध्ये वाहन चालवू नका’ अशा पाट्या लावाव्या लागतात, कारण डिझेल वाचवायला गाडी मोकळी सोडण्याचा मोह रस्त्यावर आहे.

या पाठाचा स्वाध्याय असा. तुमच्या गावातल्या किंवा शहराच्या ट्रक टर्मिनसवरच्या एखाद्या वयस्क चालकाची मुलाखत घ्या. कोणत्या सालाचा, कोणत्या बनावटीचा ट्रक, कोणता मार्ग, शेजारी बसून कोणाकडून शिकलात, पहिल्यांदा घाट कधी उतरवलात, हे विचारा. गिअर पडायच्या क्षणी काय ऐकू येते ते विचारा, आणि उत्तर त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शब्दांत उतरवा. करून दाखवा, असे चालत्या ट्रकमध्ये सांगू नका. उभ्या ट्रकच्या दांडीवर हात ठेवून ते जे दाखवतील, त्याचे रेखाटन वहीत करा.